मुमताज आपा, जांभळ्या सायकलीचं मूळ लागलं

आपा, आधी भांडण करून घेते, रडायचं ते नंतर. जपानच्या त्या माणसाला पाठवायचे म्हणून आपण ब्रेकचे दोन लिव्हर बाजूला काढले होते, त्यातला उजवा तेवढा खोक्यात आहे. डावा कुठे आहे? परवा तुझ्या रियाजने आउटहाउसची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "वैशाली आंटी, अम्मीचा हा पसारा तुम्हीच बघा, मला यातलं ओ की ठो कळत नाही." तेव्हापासून मी खोकी उपसतेय. शेवटी सापडला कुठे, तर तांदळाच्या डब्यात. "तांदूळ ओल खेचतो गो, गंज धरत नाय," असं तू म्हणाली असतीस, माहीत आहे मला. मग उजव्याने काय घोडं मारलं होतं? त्याला का नाही ठेवलंस? असं अर्धं काम टाकून कुणी जातं का?

तू गेल्याचा चाळिसावा दिवससुद्धा अजून व्हायचाय. दुपारी जोहरची बांग झाली की मी आपली सवयीने मागचं दार उघडून ठेवते, भिंतीपलीकडून तुझी हाक येईल म्हणून. एसीची हवा बाहेर जाते, नवरा ओरडतो. ओरडू दे.

आपली ओळख झाली तीच मुळी भंगारामुळे. आम्ही नाशिकहून नुकतेच इथे आखातात आलो होतो. मदिनत खलीफातला एक व्हिला, त्याचे मालकाने केलेले तुकडे. पुढचा तुकडा तुमचा, मागचा आमचा. गफूरभाईंना मी पाहिलंच नाही. ते गेले आणि थोड्याच महिन्यांत आम्ही राहायला आलो. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद झालं होतं आणि दुकानातलं सगळं लोखंड तुझ्या आउटहाउसमध्ये येऊन पडलं होतं. ते उचलायला तू भंगारवाला बोलावलास. त्याने दोन खोकी गाडीत टाकली असतील नसतील, तोच गेटसमोरून जाणाऱ्या एका गोऱ्याने गाडी थांबवली, खोक्यात डोकावला आणि डोक्याला हातच लावला. तू मला हाक मारलीस. "ए नाशिकवाली! तुज्या घरात तो इंटरनेट हाय ना गो? बघ तरी, हा मेला रडतो कशासाठी!"

तो एका मागच्या गिअरसाठी रडत होता. मग त्यानेच समजावलं. माउंटन बाइक नवीन नवीन निघाल्या तेव्हाचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत आणि त्याच्या देशात लोक ते शोधत फिरतात. इथे नोकरीला आलेल्या गोऱ्यांनी येताना सायकली आणल्या, काँट्रॅक्ट संपल्यावर सामानात जागा नाही म्हणून गफूरभाईंच्या दुकानात सोडून गेले. गफूरभाईंनी काहीच फेकलं नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस. "माउंटन म्हणजे डोंगर ना गो? मग हितं डोंगर कुठं हाय?" खरंच की! या देशात चढ म्हणजे फ्लायओव्हर. तो गोरासुद्धा हसायला लागला आणि भंगारवाल्याला तू सांदण खायला घालून परत पाठवलंस.

असा आपला धंदा सुरू झाला. तुझं लोखंड, माझं इंग्रजी. घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ही वस्तू आली कुठून? पहिली कुणाच्या सायकलला होती? त्यांचंही बरोबर होतं. चोरीचा माल फिरतो, नकली माल फिरतो, मूळ सांगता आलं की भरवसा बसतो. मग आपण मूळ शोधायला लागलो. जपानी भागांच्या पाठीवर दोन बारीक अक्षरं ठोकलेली असतात, एक वर्षाचं आणि एक महिन्याचं, हे मी शिकले. भिंग लावून ती वाचायची माझी ड्युटी. फ्रेमवर कुठल्या गावच्या दुकानाचा स्टिकर दिसला की त्या दुकानाला मेल टाकायचा. आणि माणसं आठवायची तुझी ड्युटी, कारण गफूरभाई रोज रात्री जेवताना गिऱ्हाइकांचं सांगायचे आणि तू ते ऐकून ठेवलं होतंस.

ऐकून ठेवलं होतंस म्हणजे काय, फोडणी देऊन ठेवलं होतंस! ती काळी पेडल्स आठवतात? तू छातीठोकपणे सांगितलंस की ती एका डच डॉक्टरची, रोज पहाटे समुद्राकाठाने सायकलवर हॉस्पिटलला जायचा, वाळूच्या वादळातसुद्धा सुट्टी नाही. मी भाबडी, तसंच्या तसं लिहिलं. मग आपल्या मेलला त्या माणसाचंच उत्तर आलं. तो डॉक्टर नव्हता, बँकेत होता. सायकल त्याने दोनदा चालवली, दुसऱ्यांदा पडला आणि कानाला खडा लावला. मी तुझ्यावर काय भडकले होते! "आपा, मूळ म्हणजे मूळ. त्यात मसाला नाही घालायचा." तू पापड तळत होतीस. वरही न बघता म्हणालीस, "बिनमसाल्याचं कोण खातं गो?" कप्पाळ माझं. मी जाहिरात बदलली, खरं ते लिहिलं आणि ती पेडल्स लगेच गेली. घेणाऱ्याने लिहिलं होतं, दोनदाच वापरलेली, याहून चांगलं काय पाहिजे! त्यानंतर आठवडाभर मी तुला टोमणे मारत होते आणि तू मला मुद्दाम तिखट कालवण पाठवत होतीस.

पण काही गोष्टी तुलाच जमायच्या. स्कॉटलंडच्या त्या म्हाताऱ्या बाईंशी फोनवर मी बोलणार होते, तू रिसीव्हर ओढून घेतलास. "हॅलो मॅडम, गफूर सायकलवाला याद है? मैं उसकी मिसेस." पलीकडे एकही शब्द कळत नसणार. पण 'गफूर' कळलं. मग ती बाई तिच्या भाषेत आणि तू तुझ्या हिंदीत, मध्येच कोकणीत, अशा काय गप्पा मारत सुटलात! शेवटी तू डोळे पुसत फोन ठेवलास. मी विचारलं, "काय म्हणाल्या?" म्हणालीस, "मला काय ठाव? पण बरी बाई हाय." हसून हसून माझं पोट दुखलं. त्या बाईंच्या हँडलचं मूळ तेवढं लागायचं राहिलं, ते मी नंतर मेलवर विचारून घेतलं.

या सगळ्यात एक सायकल होती जिच्यावर तू चादर टाकून ठेवली होतीस. जांभळी. बाकी सगळा माल सुटा, ही तेवढी अख्खी जोडलेली. मी कितीदा विचारलं, तू विषय बदलायचीस. मग एकदा, धंदा चांगला रुळल्यावर, तू आपणहून चादर काढलीस. दार लावून घेतलंस, जणू काही चोरीच करतोय आपण. आणि मला म्हणालीस, "हिचं मूळ शोधून दे. पण गपचूप."

माझं भिंग निघालं. अगं, ती सायकल म्हणजे नुसती भेळ! फ्रेम कुणा बुटक्या बाईची, चाकं दुसऱ्याची, गिअर तिसऱ्याचे, वर्षांचा मेळ कशाला कशाशी नाही. मी म्हटलं, "आपा, गफूरभाईंनी उरलंसुरलं जोडून विकायला केलेली दिसतेय." खोक्यावर बसलीस, गुडघा चोळलास आणि मग मला ते सांगितलंस.

तुमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, रियाज मोठा झाला होता. कॉर्निशवर शुक्रवारी फिरायला गेलेले असताना दोन गोऱ्या बायका सायकलवरून गेल्या. तू गफूरभाईंना म्हणालीस, "मला पण शिकवा ना." गावात लहानपणी भावांच्या सायकली बघत बसायचीस, हात लावू देत नव्हते कुणी. गफूरभाईंनी तुझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बुरखा चाकात जाईल." बस. पुढे काही नाही. ते तसेही बोलायचे कमी. गिऱ्हाइकांबद्दल बोलायचे, घरातलं बोलायचे नाहीत. तू परत कधी विषय काढला नाहीस. मग ते गेले आणि दुकानातल्या सामानात ही सायकल निघाली. लहान. तुझ्या उंचीची.

"साहेबाच्या बाईची हाय, का माजी हाय, एवढंच शोध," तू म्हणालीस. "साहेबाच्या बाईची निघाली तर विकून टाक, मला काय वाटणार नाय. आणि माजी निघाली तर..." ते वाक्य तू पुरं केलंच नाहीस. उठलीस आणि चहा टाकायला गेलीस.

त्या दिवशी कळलं मला, तुला सगळ्या जगाच्या वस्तूंची मुळं का शोधायची होती. तुला एकाच वस्तूचं मूळ हवं होतं. बाकीचं सगळं हात बसावा म्हणून.

मग मी काय कमी शोधलं? फ्रेमच्या मालकीण, एक मास्तरीणबाई, सापडल्या, म्हणाल्या, फ्रेम माझीच, पण मी काळी दिली होती, जांभळी कुणी रंगवली माहीत नाही. चाकांचा मालक सापडला. सीटचा सापडला. प्रत्येक जण आपापला तुकडा ओळखायचा आणि पूर्ण सायकल कुणाचीच नव्हती. अडलं ते मागच्या मडगार्डवर. एक तर माउंटन बाइकला मडगार्ड, तेही या देशात, जिथे वर्षात पाऊस पडलाच तर शाळा सोडून देतात! त्यात त्या मडगार्डच्या दोन्ही कडांना ओळीने बारीक भोकं पाडलेली. मी नेटवरच्या सगळ्या जाणत्यांना फोटो पाठवले. कुणी म्हणालं, वजन कमी करायला असतील. कुणी म्हणालं, कुणीतरी वाट लावलीय. मी मत दिलं, पावसाच्या देशातून मडगार्डसकट आलेली असणार, तिथल्याच एखाद्या बाईची. तू म्हणालीस, "मग भोकं कशाला गो?" मी म्हटलं, "खराबी." तू म्हणालीस, "गफूर खराबी करत नाय." यावर आपलं इतकं वाजलं की दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मी चकल्या घेऊन आले तेव्हा कुठे बोललीस, तेही आधी चकल्या मऊ पडल्यात एवढं सांगून.

मी कितीदा म्हटलं, आपा, तुझ्या नातेवाइकांत विचारू, कुणाला तरी माहीत असेल. तू कानावर हात ठेवलेस. "नको गो बाई! सून आलेल्या बाईने सायकलचं विचारायचं? हसतील मेल्या. मरेपर्यंत सायकलवाली म्हणतील." स्कॉटलंडला फोन लावायला तुला लाज वाटली नाही, अल खोरला नणंदेला लावायला वाटली. त्यामुळे आपण सगळं जग पालथं घातलं आणि घरात विचारलं नाही.

आता ऐक. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी जियारत होती, बायका कुराण पढायला जमल्या होत्या. गर्दी एवढी की बसायला अंथरूण पुरेना. तुझी नणंद, अल खोरची जैनबखाला, चादरी बघायला म्हणून आउटहाउसमध्ये गेली. मी ताटं काढायला तिच्या मागोमाग. तिने समोर दिसली ती चादर ओढली. सायकल बघितली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "या अल्ला! ही हितंच हाय अजून?"

मी ताटं तिथेच खाली ठेवली. म्हटलं, "खाला, तुम्हाला माहीत आहे ही?"

"म्हायत नाय कशी? हिचं जाळं माज्या घरात लटकतंय."

आपा, मी काय करणार? पुढच्या शुक्रवारी खालाला गाडीत घातलं आणि अल खोर गाठलं. लुसैलच्या बाजूला सगळी वाळू खणून ठेवलीय, म्हणे शहर उभं राहणार. खाला सगळा रस्ता तुझ्याबद्दल बोलत होती, तुझ्या हातची खिमट तिला आवडायची नाही हेसुद्धा सांगून झालं. तुला बरं वाटलं नसतं, पण सांगते, कारण आता तू मला कालवण पाठवू शकत नाहीस.

त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळ, खिळ्याला एक जाळं टांगलेलं आहे. त्यात कांदे. ओळखलंस ना? अगं, तू त्यातून कांदे काढले आहेस! दर ईदला तिथे बिर्याणीचे कांदे चिरायला तूच तर बसायचीस. हात घालून काढलेस, सोललेस, रडलीस आणि म्हणाली असशील, काय तिखट कांदे आहेत गो.

खालाचे मिस्टर ओटीवर बसले होते. लाँचवर तांडेल होते ना ते, सगळा जन्म समुद्रात गेला, आता गुडघ्यांमुळे घरी. हातांना सवय म्हणून जाळी विणत बसतात. मी विचारलं तशी त्यांनी सुई खाली ठेवली आणि सांगितलं. गफूरभाई एकदा दुकान बंद करून एवढ्या लांब फक्त त्यांना भेटायला आले होते. मागचं मडगार्ड पिशवीत घालून. त्यांनी स्वतः भोकं पाडून आणली होती. म्हणाले, "भाई, या भोकांतून ओवता येईल असं बारीक जाळं विणून दे, चाकाच्या दोन्ही अंगाला बसेल असं. मुमताज सायकल शिकव म्हणते. बुरखा चाकात जाईल तिचा. पडली म्हणजे?"

"मग नेलं का नाही जाळं?" मी विचारलं.

"मडगार्ड माप घेऊन परत नेलं. जाळं व्हायच्या आधी तोच गेला," ते म्हणाले. "त्या दुःखात तिला काय सायकलचं जाळं नेऊन देऊ? मग म्हटलं, कधीतरी सांगू. मग राहून गेलं. हिने कांदे भरले."

"मग काय करू?" खाला मागून ओरडली. "चांगलं जाळं फुकट जाऊ देऊ?"

मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खालाने कांदे ओतून जाळं माझ्या हातात दिलं. दोनदा धुतलं तरी वास जात नाही, ते असू दे. काल दुपारी तुझ्या आउटहाउसमध्ये बसून मी ते ओवलं. एकेका भोकात एकेक गाठ, कुठे ओढावं लागलं नाही, कुठे सैल राहिलं नाही. जाणत्यांना फोटो पाठवले नाहीत. त्यांना काय करायचंय?

तू भांडण जिंकलीस. गफूरभाई खराबी करत नव्हते. आणि मी तुझं काम केलं, थोडा उशीर झाला. फार उशीर झाला, आपा. एक फोन अल खोरला केला असता तर तू स्वतः त्या ओटीवर बसून हे ऐकलं असतंस, या विचाराने मला तुझा इतका राग येतो की तू समोर असतीस तर भांडी आपटली असती. आणि मग तुला मिठी मारली असती.

इतकी वर्षं तू ते एक वाक्य मनात धरून बसलीस. बुरखा चाकात जाईल. तुला वाटलं, त्यांनी तुला गप्प केलं. ते तर कॉर्निशवरून घरी येईपर्यंत मनातल्या मनात भोकं मोजत असणार. काळी फ्रेम जांभळी रंगवून घेतली, लहान सीट शोधली, हाताला पोचतील असे ब्रेक शोधले, साहेबांच्या सगळ्या सायकलींतून तुझ्या मापाचा एकेक तुकडा बाजूला काढत गेले आणि तुला एका शब्दाने सांगितलं नाही. बोलायचे कमी, तूच तर म्हणायचीस.

ते तुला नाही म्हणाले नव्हते गं, आपा.